बशीला रात्र नसते

माझी आत्या पेण तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात राहते. पंधरा वर्षांपासून तिला डायबेटीस आहे. गेली तीन वर्षं तिचे पाय रात्री जळतात. दिवसा ती भात लावते, बाजाराला जाते, दोन नातवंडांच्या मागे धावते. रात्री मात्र खाटेवरून उतरते आणि गार लादीवर पाय टेकवून भिंतीला पाठ लावून बसते.

२०२५च्या पावसाळ्यात मी तिला घेऊन एका दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? आत्या म्हणाली, "मिठागरान भेगालेला पाय बुडला का जसा जलतं, तसा." डॉक्टर मान हलवत होते, हात लिहीत होता. केसपेपरवर दोन शब्द उमटले: बर्निंग फीट. मग त्यांनी नायलॉनचा एक जाडसर धागा काढला, आत्याला डोळे मिटायला सांगितले आणि धाग्याचं टोक तळव्यावर ठिकठिकाणी टेकवलं. बऱ्याच ठिकाणी तिला ते कळलंच नाही. म्हणजे ज्या पायाला स्पर्श कळत नाही, तोच पाय रात्रभर जळतो. गोळी लिहून मिळाली. बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं.

मी मराठी साहित्य शिकलेय. माझं काम वाक्यं वाचायचं. त्यामुळे परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. आत्याच्या तोंडून एक आख्खं वाक्य निघालं होतं. कागदावर पोचेपर्यंत त्याचे दोन शब्द झाले. मधल्या मधे काय सांडलं?

त्याच एसटीत फोनवर एक जुनी बातमी पुन्हा समोर आली. मथळ्याचा आशय असा, की शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतल्या बशीत वेदना तयार केली. एकीकडे बाई बोलतेय आणि तिचं वाक्य छाटलं जातंय. दुसरीकडे काही पेशी बशीत पडल्यात आणि त्यांना वेदना होते म्हणून जाहीर केलं जातंय. हा लेख त्या मथळ्याची समीक्षा आहे. मथळा म्हणजे काही साहित्यकृती नव्हे, हे मला मान्य आहे. पण आपण दिवसभरात कविता किती वाचतो आणि मथळे किती, ते स्वतःशीच मोजून बघा.

*

आधी बातमीच्या मागचं संशोधन पाहू. ते खरं आहे आणि थक्क करणारं आहे.

एप्रिल २०२५मध्ये 'नेचर'मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सर्जिउ पाश्का यांच्या गटाचा निबंध आला. शरीरावर काही टोचलं तर तो संदेश त्वचेजवळच्या संवेदी पेशीपासून मज्जारज्जूत, तिथून मेंदूतल्या थॅलॅमसमध्ये आणि तिथून मेंदूच्या बाह्य पटलात जातो. या गटाने मानवी मूलपेशींपासून या चारही टप्प्यांचे पेशींचे छोटे गोळे वेगवेगळे वाढवले आणि मग एकमेकांना चिकटून ठेवले. त्यांच्यात आपोआप जोडण्या झाल्या. एका टोकाला मिरचीतलं कॅप्सेसिन घातलं, तर हालचालीची लाट दुसऱ्या टोकापर्यंत गेली. जवळपास ४० लाख पेशी, नखाएवढा ऐवज, आणि त्यात मिरचीचा निरोप पोचवणारी वाट.

आता समीक्षकाचं काम. निबंधाचं शीर्षक मराठीत सांगायचं तर असं होईल: वर जाणाऱ्या संवेदी चेतामार्गाची मानवी पेशींची जुळणी. या शीर्षकात 'वेदना' हा शब्द नाही. हा गोळा दुखणं अनुभवतो असा दावा संशोधकांनी केला नाही, उलट तसं नसल्याचं त्यांनी आवर्जून सांगितलं. 'वेदना तयार केली' हे शब्द निबंध प्रयोगशाळेतून बाहेर पडताना वाटेत कुणीतरी चिकटवले. म्हणजे एका बाजूला शब्द सांडले, दुसऱ्या बाजूला शब्द वाढवले. दोन्हीकडे चूक एकच आहे: दुखणं आणि दुखण्याचा निरोप यांतला फरक पुसला गेला.

निरोप आणि दुखणं वेगळे आहेत, हे काही माझं साहित्यिक लाडिक मत नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिने १९७९मध्ये वेदनेची व्याख्या केली आणि २०२०मध्ये ती सुधारली. व्याख्येप्रमाणे वेदना हा अनुभव आहे, संवेदनेचा आणि भावनेचाही. सोबतच्या टिपांमध्ये स्पष्ट म्हटलंय, की फक्त संवेदी पेशींच्या हालचालीवरून वेदना आहे असा निष्कर्ष काढता येत नाही, आणि माणूस दुखतंय असं सांगत असेल तर त्याचं सांगणं मानलं पाहिजे. या दोन टिपा शेजारी ठेवा. पहिली बशीबद्दल आहे, दुसरी माझ्या आत्याबद्दल.

*

मग बशीचा उपयोग काय? उपयोग प्रचंड आहे. मी बशीच्या विरोधात लिहितेय असा समज इथेच दूर करायला हवा.

पेशी शरीराबाहेर जगवण्याच्या तंत्राची सुरुवातच मुळी चेतापेशींपासून झाली. १९०७ साली अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातला चेताऊतीचा तुकडा लसिकेच्या एका थेंबात ठेवला आणि त्यातून तंतू फुटून पुढे सरकताना प्रत्यक्ष पाहिला. १९५२च्या सुमारास रीटा लेव्ही-मोंताल्चिनी रिओ द जानेरोत कोंबडीच्या भ्रूणातले गँग्लिअन बशीत वाढवत होत्या. गँग्लिअन म्हणजे पाठीच्या कण्याशेजारी असलेल्या संवेदी पेशींच्या गाठी. जवळ उंदराच्या एका ट्यूमरचा तुकडा ठेवला, तर एका दिवसात गाठीभोवती तंतूंचं दाट वलय उगवलं. देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असते ना, तसं. त्या वलयातून चेतातंतू वाढवणाऱ्या एका प्रथिनाचा शोध लागला आणि १९८६मध्ये नोबेल मिळालं.

पुढचा प्रयोग आपल्या स्वयंपाकघरातला आहे. मिरची का झोंबते, हा प्रश्न डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने घेतला. गँग्लिअनच्या पेशींत जी जनुकं चालू असतात त्यांचा मोठा साठा त्यांनी तयार केला आणि गटागटाने तो अशा पेशींमध्ये घातला ज्यांना मिरचीचं काहीच वाटत नाही. मग बशीवर कॅप्सेसिन सोडलं आणि कुठली पेशी उजळते ते पाहिलं. उजळणाऱ्या पेशी सापडल्या, त्यांतून एक जनुक सापडलं. १९९७ साली ते प्रसिद्ध झालं. त्या जनुकापासून बनणारं दार कॅप्सेसिनने उघडतं आणि साधारण ४३ अंशांपुढच्या उष्णतेनेही उघडतं. मिरची खाल्ली की तोंड 'भाजतं' ते याचमुळे. २०२१च्या नोबेलचा अर्धा वाटा या कामाला मिळाला.

इथे मला आपल्या भाषेचं एक क्रियापद आठवतं: झोंबणे. मिरची जिभेला झोंबते. मीठ जखमेला झोंबतं. भाजलेल्या हाताला ऊन झोंबतं. ज्युलियस यांनी बशीत जे एका दाराशी आणून उभं केलं, ते मराठीने कधीचंच एका क्रियापदात बांधून ठेवलंय. पण त्याच क्रियापदाचा आणखी एक वापर आहे. कुणाचं बोलणं झोंबतं. सुनेला सासूचं, पोराला बापाचं, पेशंटला डॉक्टरचं. बशीची हद्द कुठे संपते, ते या शेवटच्या झोंबण्यापाशी नेमकं कळतं. पहिल्या तिन्ही झोंबण्यांचा बराचसा भाग बशीत दाखवता येतो. चौथ्यासाठी माणूस लागतो, नातं लागतं, आणि काय बोललं गेलं ते कळणारं कुणीतरी लागतं.

*

आता आत्याच्या वाक्याकडे परत येऊ. मी ते कवितेच्या ओळीसारखं वाचणार आहे, पण सजवणार नाही.

मिठागरात भेगाळलेला पाय बुडला की जळतं, तसं. या वाक्यात मीठ आहे, पाय आहे आणि भेगा आहेत. मिठागरात रोज माणसं उतरतात, खारं पाणी धडधाकट कातडीला जाळत नाही. जळतं ते भेगांमुळे. मीठ तेच आहे, पाय बदललाय. म्हणजे आत्या नुसतं 'जळतं' एवढंच सांगत नाहीये. ज्याने एरवी काही होऊ नये त्याने आता होतंय, हे सांगतेय. आणि मिठागरावर काम केलेल्या बाईच्या तोंडून हे येतंय, तेव्हा तुलना पुस्तकातली नाही, पायाला लागलेली आहे.

बशीत नेमकी हीच गोष्ट गेली कित्येक वर्षं तपासली जातेय. गँग्लिअनच्या पेशी घ्यायच्या, त्यांना कॅप्सेसिनची हलकी मात्रा द्यायची आणि प्रतिसाद मोजायचा. मग सूज आल्यावर शरीरात तयार होणारी रसायनं त्यांच्यावर सोडायची. थोड्या वेळाने तीच हलकी मात्रा पुन्हा द्यायची. आता पेशी जास्त जोरात उत्तर देते. मिरची तेवढीच, पेशी बदललेली. याला संवेदनशीलता वाढणं म्हणतात. आत्याचं वाक्य आणि हा प्रयोग एकमेकांचं भाषांतर आहेत. 'बर्निंग फीट' या दोन शब्दांत मात्र यातलं काहीही उरलेलं नाही. त्यात आग आहे, भेग नाही.

बशीचीही एक भेग आहे, ती सांगायला हवी. गँग्लिअनमधली एक पेशी विलक्षण लांब असते. तिचा एक फाटा थेट पायाच्या बोटापर्यंत जातो, दुसरा मज्जारज्जूत. ही पेशी बशीत आणायची म्हणजे दोन्ही फाटे छाटावे लागतात. म्हणजे बशीतली प्रत्येक पेशी आधीच जखमी झालेली असते. निरोगी चेतापेशी म्हणून आपण जिच्याशी तुलना करतो, तीसुद्धा. शिवाय बहुतेक वेळा ती उंदराची असते. त्या उंदराने आधी जीव दिलेला असतो. अवयवदात्यांच्या गाठी किंवा माणसाच्या त्वचेच्या पेशींपासून मूलपेशी करून घडवलेल्या चेतापेशी आता वापरल्या जातात, त्याने फरक पडतो. पण छाटलेपण पूर्ण जात नाही. चांगले संशोधक हे जाणतात आणि लिहितात. मथळा लिहिणाऱ्यापर्यंत ते पोचत नाही.

*

ही बशी फक्त स्टॅनफर्डची किंवा रिओची नाही. ती आपल्याकडेही होती, आणि तिची वाट रायगडच्या किनाऱ्यापर्यंत येते. फक्त आपल्याकडे ती डायबेटीससाठी नव्हती, कुष्ठरोगासाठी होती.

कुष्ठरोग आपण कातडीचा रोग समजतो. तो चेतातंतूंचाही रोग आहे. त्याचा जंतू चेतातंतूंना गुंडाळून असणाऱ्या पेशींमध्ये घर करतो. या पेशींना 'श्वान पेशी' म्हणतात. कुत्र्याशी त्यांचा संबंध नाही, थिओडोर श्वान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाशी आहे. संवेदना गेली की हात भाजला तरी कळत नाही, काटा रुतला तरी कळत नाही, आणि बोटं झिजत जातात. म्हणून हा न दुखण्याचा रोग असं मानलं गेलं. पण २००० साली 'लॅन्सेट'मध्ये बांगलादेशातल्या रुग्णांवरचा एक छोटा निबंध आला. औषधोपचार पूर्ण झालेल्या काही रुग्णांना वर्षानुवर्षं चेतातंतूंची वेदना राहते, असं त्यात नोंदवलं होतं. ज्या हाताला कळत नाही तोच हात जळतो. आत्याच्या पायासारखंच.

पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांचं डूडल ८ नोव्हेंबर २०२१ला गूगलवर होतं, ते कदाचित आठवत असेल. पेशी जगवण्याचं तंत्र त्या अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे शिकल्या. हेला नावाच्या सुप्रसिद्ध पेशी ज्यांच्या प्रयोगशाळेत वाढल्या तेच हे गाय. मुंबईत परतून रणदिवे यांनी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. त्याच संस्थेत १९५८मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी एका कुष्ठरुग्णाच्या ऊतीतून एक जंतू वेगळा काढला. तो वाढवला कशावर, तर मानवी गर्भाच्या कण्याशेजारच्या गँग्लिअनच्या पेशींवर. म्हणजे आज वेदनेच्या अभ्यासात ज्या गाठी वापरतात, त्याच गाठींची बशी परळमध्ये सत्तरएक वर्षांपूर्वी मांडलेली होती.

पुढे कळलं की बशीत वाढलेला जंतू कुष्ठरोगाचा खरा जंतू नव्हे, त्याचा नातेवाईक. कुष्ठरोगाचा जंतू आजही कृत्रिम खाद्यावर कुणाला वाढवता आलेला नाही. एकाचे दोन व्हायला त्याला साधारण दोन आठवडे लागतात आणि त्याला जिवंत शरीरच लागतं. पण परळचं काम वाया गेलं नाही. त्या नातेवाईक जंतूपासून त्याच संस्थेत लस तयार झाली आणि दक्षिण भारतातल्या मोठ्या चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचं १९९८मध्ये प्रसिद्ध झालं. बशीने जे सांगितलं असं वाटलं ते चूक होतं, तरी त्यातून हाती लागलं ते खरं होतं. बशीचं वाचन असं सावधपणे करावं लागतं. त्या संस्थेचा वारसा सांगणारं टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र आता खारघरला आहे. खारघर पनवेल तालुक्यात येतं, म्हणजे रायगड जिल्ह्यातच.

दुसरं नाव नोशीर अंतिया. प्लास्टिक सर्जन. जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला, कुष्ठरुग्णांच्या हाता-चेहऱ्यांवर शस्त्रक्रिया केल्या. वरळीला त्यांनी फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च सुरू केली. १९८५मध्ये तिथून मुखर्जी आणि अंतिया यांचा निबंध आला. गँग्लिअनच्या कल्चरमधल्या श्वान पेशींच्या आत कुष्ठरोगाचे जंतू वाढतात का, याबद्दलचा.

आणि हेच अंतिया सत्तरच्या दशकात खाडी ओलांडून अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याला आले. मांडवा म्हटलं की 'अग्निपथ' आठवतो किंवा आता रो-रो बोट आठवते. अंतियांच्या मांडव्यात तीसेक गावं होती, तीसेक हजार लोक होते, आणि गावातल्याच बायका अर्धवेळ आरोग्यसेविका होत्या. डॉक्टर ज्याला आपलं काम म्हणतात त्यातलं पुष्कळसं या बायका नीट करू शकतात, हे त्यांना दाखवायचं होतं. कुष्ठरोग आणि क्षयरोगही या कामात होते. काही वर्षांनी सरकारी आरोग्ययंत्रणा आणि स्थानिक सत्ताकारण यांच्याशी ताण झाला आणि प्रकल्प थांबला. १९८८मध्ये अंतियांनी त्याची कहाणी स्वतःच लिहिली.

मी हे दोन निबंध शेजारी ठेवून पाहते. १९८५च्या निबंधात पेशी आहेत, माणसं नाहीत. १९८८च्या निबंधात गावं आहेत, पेशी नाहीत. लेखक एकच. ग्रंथालयात या दोघांची कपाटं वेगळी. दोन्ही इंग्रजीत. अंतियांची थोरवी मला यात दिसते, की बशी आणि गाव ही त्यांना एकाच प्रश्नाची दोन टोकं वाटली. आणि माझी तक्रारही इथेच आहे. त्यांच्यानंतर ही दोन टोकं एका हातात धरणं आपल्याला फारसं जमलेलं नाही. बशीची भाषा बारीक आणि काटेकोर होत गेली. केसपेपरची भाषा मात्र दोन शब्दांवरच राहिली.

*

बशीचं म्हणणं माणसापर्यंत नेताना काय होतं, याचं ताजं उदाहरण औषधाचं आहे. गँग्लिअनच्या संवेदी पेशींत सोडियमचं एक विशिष्ट दार असतं. ते बंद केलं तर निरोप थांबतो. हे दार मेंदूत जवळपास नसतं, म्हणून गुंगी किंवा व्यसनाची भीती कमी. या तत्त्वावरचं सुझेट्रिजिन नावाचं औषध ३० जानेवारी २०२५ला अमेरिकेत मंजूर झालं. शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यासारख्या तात्पुरत्या वेदनेसाठी. मोठं यश आहे ते.

पण महिनाभर आधी, डिसेंबर २०२४मध्ये, त्याच औषधाच्या दुसऱ्या चाचणीचे आकडे आले होते. ती कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळांसाठी होती, ज्याला आपण सायटिका म्हणतो. बारा आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांची वेदना दहाच्या मोजपट्टीवर सरासरी २.०२ने कमी झाली. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांची १.९८ने.

हे दोन आकडे मी परत परत वाचले. खोट्या गोळीने इतका आराम पडला की खऱ्या गोळीला आपलं वेगळेपण दाखवायला जागाच उरली नाही. बशीत असं होऊच शकत नाही. खोटी गोळी बशीवर ठेवली तर पेशीला काही कळत नाही. तिला कुणी विचारपूस करत नाही, दर आठवड्याला कुणी फोन करून आज किती दुखतंय ते विचारत नाही, आपल्यासाठी काहीतरी चाललंय असा भरवसा तिला वाटत नाही. इन्क्युबेटरमध्ये चोवीस तास ३७ अंश असतात. बशीला रात्र नसते. आत्याला असते, आणि तिचं दुखणं रात्री वाढतं. म्हणून बशी जे सांगते ते चेतापेशीबद्दल असतं आणि खरं असतं. बाईबद्दल ते अर्धंच असतं.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. वेदना शब्दांत सांगता येते तेवढीच खरी, असं मी म्हणतेय का? मग तान्ह्या बाळाचं काय, वाचा गेलेल्या म्हाताऱ्याचं काय, गोठ्यातल्या बैलाचं काय? नाही, मी तसं म्हणत नाही. वेदनेची ती सुधारलेली व्याख्याही हेच बजावते, की सांगता आलं नाही म्हणून वेदना नाही असं होत नाही. बाळ कळवळतं, बैल पाय उचलून धरतो, म्हातारा तोंड फिरवतो. तिथे कुणीतरी असतं, ज्याचं दुखतंय. माझी ओळ तिथे आखलेली आहे. आणि ज्याला सांगता येतं त्याचं सांगणं तरी आपण पूर्ण ऐकावं, एवढीच त्यापुढची मागणी.

ऐकण्याची पद्धतही काही नवी शोधायची नाही. १९७५मध्ये कॅनडातल्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी रुग्णांच्या तोंडचे शब्द गोळा करून ७८ शब्दांची प्रश्नावली केली. वेदना मोजायची तर आधी तिची विशेषणं मोजा, असा तो सरळ विचार होता. आज चेतातंतूंची वेदना ओळखायच्या प्रश्नावल्यांत जळजळ, गार चटका, विजेचा झटका, मुंग्या, टोचणं, बधिरपणा, खाज असे शब्द एकेक करून विचारतात. मराठीकडे हा माल भरपूर आहे. कळ लाटेसारखी येते आणि ओसरते. चमक एकदाच लखकन जाते. ठसठस नाडीच्या ठोक्यावर चालते. भगभग सगळीकडे पसरलेली असते, चुरचुर कातडीवरच राहते. सल आत रुतून बसतो. हे शब्द नुसते अलंकार नाहीत. प्रत्येकात दुखण्याचा वेग, जागा आणि खोली भरलेली आहे. फरक करायला शिकलेल्या डॉक्टरला त्यातून रोगाची वाट दिसू शकते. 'पेन' या एका शब्दात हे सगळं ओतलं की भांडं भरतं, पण कशाने ते कळत नाही.

*

दीड महिन्याने आम्ही परत त्याच दवाखान्यात गेलो. या वेळी मी आत्याचं वाक्य तिच्याच बोलीत एका कागदावर लिहून नेलं होतं. खाली तिने आणखी सांगितलेल्या गोष्टी लिहिल्या: कधी, कुठून कुठपर्यंत, कशाने बरं वाटतं. डॉक्टरांना राग येईल अशी भीती वाटत होती. बाहेर चाळीस माणसं होती, त्यांच्या जागी मी असते तर मीही दोनच शब्द लिहिले असते.

त्यांनी कागद वाचला. "मिठागर म्हणजे?" त्यांनी विचारलं. ते इकडचे नव्हते. आत्याने सांगितलं. हाताने वाफे दाखवले, पाणी कसं घेतात, पायाला काय होतं. मिनिटभर गेलं असेल. मग त्यांनी एक प्रश्न विचारला जो पहिल्या वेळी विचारला नव्हता: "रात्री पायावर चादर सहन होते का?"

"नाय," आत्या म्हणाली. "चादरीचाच तर तरास."

त्यांनी केसपेपरवर एक ओळ वाढवली आणि गोळी बदलली. आत्याचे पाय अजून जळतात, पण आता ती आठवड्यातले तीन-चार दिवस खाटेवर झोपते. गोळीने किती आणि त्या एका मिनिटाने किती, ते मला सांगता येणार नाही. कुठल्याही बशीत ते वेगळं काढता यायचं नाही.